उत्पन्नाचा दाखला काढताना: अर्जातली माहिती कुठे जाते आणि ती कशी सांभाळायची

दहावी-बारावीचे निकाल लागले की तहसील कचेरीच्या आवारात आणि गावोगावच्या सेवा केंद्रांसमोर रांगा लागतात. कुणाला शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नाचा दाखला हवा असतो, कुणाला नॉन-क्रिमी लेयर, कुणाला अधिवास. हातातल्या पिशवीत अख्ख्या घराची माहिती असते: आधार, रेशनकार्ड, सातबारा, बँकेचं पासबुक, शाळा सोडल्याचा दाखला. दाखला वेळेत हातात पडेल ना, याच काळजीत सगळे असतात. आपल्या कागदांचं पुढे काय होतं, हे विचारायची उसंत कुणालाच नसते.

या लेखात उत्पन्नाच्या दाखल्याचा एकच अर्ज घेऊन तो पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहू. इतर दाखल्यांनाही यातलं बहुतेक सगळं लागू पडतं. सरकारी सर्व्हरमधून माहिती फुटण्याची भीती खोटी नाही, पण तिथे आपला हात पोहोचत नाही. माझ्या मते सामान्य अर्जदाराची माहिती त्याच्या कितीतरी आधी उघडी पडते: काउंटरवर, व्हॉट्सॲपवर, कॅफेतल्या कॉम्प्युटरच्या डाउनलोड फोल्डरमध्ये. आणि तिथे बरंच काही आपल्या हातात आहे.

अर्जाचा प्रवास आधी समजून घ्या

दाखल्यांसाठीच्या राज्य सरकारच्या 'आपले सरकार' पोर्टलवरच्या सेवांना महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ याचा आधार आहे. पोर्टलच्या पत्त्यात 'महाऑनलाइन' हे नाव दिसतं. ती राज्य सरकार आणि टीसीएस यांनी मिळून काढलेली कंपनी. आता राज्याच्या डिजिटल कामांची बरीचशी तांत्रिक बाजू 'महाआयटी' ही सरकारी कंपनी सांभाळते.

अर्ज तुम्ही घरून भरता किंवा केंद्रचालक त्याच्या लॉगिनमधून भरतो. तो तहसील कार्यालयात लिपिकाच्या टेबलावर उघडतो, तिथून नायब तहसीलदार आणि तहसीलदारांकडे जातो, डिजिटल सही होते आणि दाखला तयार होतो. शेतीचं किंवा मजुरीचं उत्पन्न असेल तर तलाठ्याचा, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याचा अहवाल लागतो. त्यासाठी कागदांचा आणखी एक संच छापून त्यांच्याकडे जातो. दाखला मिळाला की तो कॉलेजात देता आणि शिष्यवृत्तीसाठी राज्याच्या महाडीबीटी पोर्टलवर चढवता. म्हणजे तुमच्या घरात वर्षाला किती पैसे येतात, हे केंद्र, कंपनी, तहसील, तलाठी, कॉलेज आणि शिष्यवृत्ती देणारा विभाग एवढ्या जागी नोंदलं गेलं.

या नोंदी एकमेकींशी ताडूनही पाहिल्या जातात. लाडकी बहीण योजनेत ते सगळ्यांना दिसलं. नावावर चारचाकी आहे का, संजय गांधी निराधार योजनेचे पैसे आधीच मिळतात का, हे दुसऱ्या याद्यांशी जुळवून पाहून नावं वगळली गेली. सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी, म्हणजे ओळखीची ऑनलाइन पडताळणी, आली तेव्हा लाभार्थी बाईबरोबर तिच्या पतीच्या किंवा वडिलांच्या आधारचीही पडताळणी मागितली गेली. खोटे लाभार्थी शोधायला याचा उपयोग आहेच. पण त्याचा अर्थ असा की एका अर्जात चुकलेला आकडा दुसऱ्या योजनेत आडवा येऊ शकतो. म्हणून भरलेलं शेवटच्या बटणाआधी पुन्हा वाचणं हे माहिती जपण्याचंच काम आहे.

कायद्याकडून काय अपेक्षा ठेवायची

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सांगितलं. त्यानंतर सहा वर्षांनी, ११ ऑगस्ट २०२३ रोजी, डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायद्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. डेटा संरक्षण मंडळाची कलमं लगेच लागू झाली. सुरक्षा, दुरुस्ती, तक्रार अशी नागरिकाच्या उपयोगाची बहुतेक कलमं १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होणार असं नियमांत ठरलं आहे.

'माझ्या परवानगीशिवाय सरकार माझी माहिती वापरू शकत नाही' असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. अनुदान, लाभ, सेवा, दाखला किंवा परवाना देण्यासाठी सरकारला या कायद्याच्या कलम ७ खाली नव्याने संमती न घेताही माहिती वापरता येते. तुम्ही पूर्वी अशा लाभासाठी संमती दिलेली असावी किंवा माहिती सरकारच्या अधिसूचित नोंदींमध्ये आधीच असावी, एवढी अट आहे. आपली माहिती पाहण्याचा आणि दुरुस्त करून घेण्याचा हक्क देणारी कलमं ११ आणि १२ मात्र संमती घेऊन केलेल्या वापराला जोडलेली आहेत. शिवाय माहिती पुसून टाका, असा आग्रह नागरिकाला सरकारकडे धरता येणार नाही, याची सोय कलम १७ मध्ये आहे. मला हे पटत नाही. दाखल्यावाचून ज्याच्या मुलीचा प्रवेश अडतो, त्याला नाही म्हणायला जागाच नसते. निदान आपल्याबद्दल काय लिहून ठेवलं आहे, हे पाहण्याचा हक्क तरी त्याला पक्का मिळायला हवा होता.

तरीही सरकारला मोकळं रान नाही. अशा वापरासाठीचे मानदंड नियमांच्या दुसऱ्या परिशिष्टात दिले आहेत: माहिती ठरलेल्या कामापुरतीच वापरायची, लागेल तेवढीच घ्यायची, ती अचूक ठेवायची, सुरक्षित ठेवायची आणि विचारणा कुणाकडे करायची हे नागरिकाला सांगायचं. माहिती फुटली तर ज्याची फुटली त्याला विनाविलंब कळवायचं आणि मंडळाला ७२ तासांत सविस्तर अहवाल द्यायचा. सुरक्षेत कसूर झाली तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो.

यातलं 'लागेल तेवढीच' हे अर्जदाराच्या सगळ्यात कामाचं. काउंटरवर हुज्जत न घालता एवढंच विचारायचं: हा कागद या दाखल्याच्या यादीत आहे का?

पत्ता तपासा

शोधयंत्रात नाव टाकून वर येणारी पहिली ओळ दाबू नका. ती जाहिरात असू शकते. सरकारी संकेतस्थळाचा पत्ता 'जीओव्ही डॉट इन' किंवा 'एनआयसी डॉट इन' वर संपतो आणि ही नावं खासगी माणसाला मिळत नाहीत. पत्ता वाचताना पहिली तिरकी रेघ शोधा आणि तिच्या लगेच आधी काय आहे ते पाहा. तिथे 'डॉट कॉम' किंवा नुसतं 'डॉट इन' असेल, तर पत्त्यात आधी कुठेही 'महाराष्ट्र' किंवा 'जीओव्ही' असलं तरी ती जागा सरकारी नाही. कुलपाच्या चित्रावर जाऊ नका. माहिती वाटेत कुणी वाचू शकत नाही, एवढंच ते सांगतं. पलीकडे कोण बसलंय ते सांगत नाही. लाडकी बहीणच्या ई-केवायसीच्या वेळी हुबेहूब दिसणारी बनावट संकेतस्थळं फिरली होती. लिंक व्हॉट्सॲपवर आली असेल, मग पाठवणारी सख्खी बहीण का असेना, पत्ता स्वतः टाइप करा.

जमलं तर अर्ज स्वतः भरा

पोर्टलवर नोंदणी दोन प्रकारे होते. एकात मोबाइलवर ओटीपी घेऊन खातं उघडतं. दुसऱ्यात फोटो, ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा सुरुवातीलाच चढवावा लागतो. दाखला काढायला पहिला प्रकार पुरतो. खात्याचा पासवर्ड दुसरीकडे वापरत असलेला नको. मोबाइल नंबर घरातल्याच कुणाचा तरी द्या, कारण अर्जाची प्रत्येक हालचाल आणि पासवर्ड बदलण्याचा ओटीपी त्याच नंबरवर येतो.

कोणते कागद द्यायचे

आधार म्हणजे सगळ्या कुलपांची एकच किल्ली असं समजून ते सगळीकडे दिलं जातं. दाखल्याच्या पानावरची कागदपत्रांची यादी वाचा. ओळखीच्या पुराव्यासमोर 'किमान एक' असं लिहिलेलं असतं आणि त्याखाली पॅन कार्ड, पासपोर्ट, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना, मनरेगाचं जॉब कार्ड असे पर्याय असतात. मतदार कार्डावर काम होत असेल तर आधार चढवायचं कारण नाही. पत्त्यासाठी रेशनकार्ड किंवा वीजबिल चालतं. उत्पन्नासाठी फॉर्म १६, आयकर विवरणपत्र किंवा तलाठ्याचा अहवाल यांपैकी तुम्हाला लागू असेल तेच द्या. पासबुकाची सगळी पानं 'असू द्यात' म्हणून जोडू नका.

आधार द्यावंच लागलं तर मास्क्ड आधार आधी पुढे करा. आधार देणाऱ्या युआयडीएआयच्या संकेतस्थळावर डाउनलोड करताना तसा पर्याय असतो. त्यात पहिले आठ अंक झाकलेले आणि शेवटचे चार दिसणारे असतात. कुठे ते घ्यायला नकार मिळाला, तर पूर्ण क्रमांक कशासाठी हवा ते विचारा आणि मगच ठरवा. ई-आधारच्या फाइलला पासवर्ड असतो, म्हणून ती निर्धास्तपणे पाठवली जाते. पण तो पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मवर्ष. तुमच्या ओळखीतल्या कुणालाही तो जमेल.

झेरॉक्स द्यायची असेल तेव्हा तिच्यावर पेनाने आडवं लिहा: 'फक्त उत्पन्नाच्या दाखल्यासाठी', तालुका, तारीख आणि सही. अक्षरं मजकुरावर थोडी चढली पाहिजेत, म्हणजे ती कापून काढता येत नाहीत, पण क्रमांक वाचता येईल एवढं मोकळं ठेवा. असा कागद सिमकार्डासाठी किंवा कर्जासाठी दुसऱ्याने वापरणं अवघड होतं. झेरॉक्सच्या दुकानात बिघडलेली प्रत टोपलीत टाकली जाते. ती मागून घ्या आणि घरी फाडा.

फाइलचा आकार: सगळ्यात दुर्लक्षित धोका

याविषयी मी जरा विस्ताराने लिहितो, कारण याबद्दल कुणी बोलत नाही. पोर्टलला कागदपत्राची फाइल ७५ ते ५०० केबी आणि फोटो ५ ते २० केबी एवढाच लागतो. मोबाइलने काढलेला फोटो काही एमबीचा असतो. अर्ज अडला की माणूस 'फाइल लहान करा' असं शोधतो आणि समोर आलेल्या कुठल्याही फुकट संकेतस्थळावर आधार, पॅन, उत्पन्नाचा पुरावा चढवून मोकळा होतो. त्या संकेतस्थळाचा मालक कोण, त्याचा सर्व्हर कोणत्या देशात, फाइल तिथे किती दिवस राहते, काहीच ठाऊक नसतं. सरकारच्या दारात पोहोचायच्या आधीच कागद परक्याच्या घरी जाऊन आलेले असतात.

हे टाळता येतं. मोबाइलच्या कॅमेऱ्याऐवजी फोनमध्येच असलेला स्कॅनर वापरा. अँड्रॉइडवर ड्राइव्ह ॲपमध्ये स्कॅनचा पर्याय असतो, आयफोनवर नोट्समध्ये. कृष्णधवल स्कॅन केलं की फाइल आपोआप हलकी होते. तरी मोठी राहिली तर कागदाचं चित्र स्क्रीनवर उघडून स्क्रीनशॉट घ्या आणि कडा कापा. कॉम्प्युटरवर पेंटमध्ये चित्र उघडून 'रिसाइज' करून ५० टक्के केलं तरी भागतं. यातल्या कशालाही बाहेरचं संकेतस्थळ लागत नाही. काम झालं की फोनच्या गॅलरीतून आणि 'अलीकडे हटवलेले' मधूनही ही चित्रं काढून टाका. गॅलरीचा आपोआप बॅकअप चालू असेल तर तिथेही पाहा.

डिजिलॉकर, म्हणजे कागदपत्रं ठेवायचं सरकारी ॲप, वापरत असाल तर उत्तमच. त्यात थेट जारी झालेला कागद मूळ कागदाइतकाच ग्राह्य धरावा, असा नियम आहे. मात्र आपण स्वतः स्कॅन करून त्यात ठेवलेल्या कागदाला ही मान्यता नाही.

केंद्रात गेलात तर

केंद्रचालकांपैकी पुष्कळजण मेहनती असतात आणि त्यांच्याशिवाय गावातल्या कितीतरी घरांचं काम होणार नाही. प्रश्न माणसाचा कमी आणि पद्धतीचा जास्त आहे. 'कागद व्हॉट्सॲप करा' ही ती पद्धत. पाठवलेला कागद त्यांच्या फोनच्या गॅलरीत उतरतो, व्हॉट्सॲप वेबमधून दुकानातल्या कॉम्प्युटरवर उतरतो आणि तिथे शेकडो लोकांच्या कागदांमध्ये पडून राहतो. आपण नंतर 'सर्वांसाठी हटवा' केलं तरी डाउनलोड झालेली प्रत जागेवरच राहते.

शक्यतो मूळ कागद घेऊन स्वतः जा आणि समोर स्कॅन करून घ्या. अर्ज सादर झाला की चालकाला सांगा, 'दादा, माझे कागद तेवढे काढून टाका, रिसायकल बिनमधूनही.' बहुतेकजण हसून करतात. अर्जात मोबाइल नंबर तुमचाच टाकला आहे ना, हे स्क्रीनवर पाहा. घाईत चालक स्वतःचा नंबर टाकतात आणि मग सगळे निरोप त्यांनाच जातात. पावती घ्या. तिच्यावर अर्ज क्रमांक आणि शुल्क असतं. दरफलक केंद्रात लावलेला असायला हवा.

ओटीपी मोठ्याने सांगायचा नाही. आधी संदेश पूर्ण वाचा. तो कुठल्या कामासाठी आहे हे त्यातच लिहिलेलं असतं. यंत्रावर बोट ठेवायला सांगितलं तर कशासाठी ते विचारल्याशिवाय ठेवू नका. आधार क्रमांक, बँकेचं नाव आणि बोटाचा ठसा एवढ्यावर आधार-आधारित व्यवहारातून ओटीपीशिवाय पैसे निघतात. घरातल्या वयस्कर माणसांना हे समजावून सांगणं फार गरजेचं आहे. युआयडीएआयच्या संकेतस्थळावरून किंवा अधिकृत ॲपवरून बायोमेट्रिक लॉक करून ठेवता येतं आणि रेशन घ्यायच्या वेळी तात्पुरतं उघडता येतं.

नावं जुळतात का

आपल्याकडे दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येतं आणि आधारवर ते शेवटी असतं. लग्नानंतर आधारवर सासरचं नाव, शाळेच्या दाखल्यावर माहेरचं. कॉम्प्युटरला ही एकच बाई आहे हे कळत नाही आणि अर्ज 'माहिती जुळत नाही' म्हणून परत येतो. विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नावबदलाची नोंद जोडून ठेवा. आधारवरचं नाव बदलायला घाई करू नका: नाव दोनदाच आणि जन्मतारीख एकदाच बदलता येते. दाखल्यासाठी नाव इंग्रजीत आणि मराठीत वेगवेगळं भरावं लागतं. मराठी नाव आपोआप उमटतं आणि त्यात काना-वेलांटीची चूक हमखास होते. सहीनंतर ती दुरुस्त करणं म्हणजे पुन्हा धावपळ.

दाखला हातात आल्यावर

दाखल्यावर बारकोड असतो आणि त्याचा क्रमांक पोर्टलवर टाकून कुणालाही दाखला खरा असल्याची खातरजमा करता येते. म्हणून दाखल्याचा फोटो आनंदाने स्टेटसला ठेवू नका. कॉलेजने मागितला तर दाखलाच द्या. त्यासोबत आधीचे सगळे पुरावे पुन्हा देऊ नका.

आधारवरची पडताळणी कुठे कुठे झाली हे युआयडीएआयच्या 'ऑथेंटिकेशन हिस्टरी'त दिसतं. मागच्या सहा महिन्यांतल्या जास्तीत जास्त ५० नोंदी एका वेळी पाहता येतात. न केलेला व्यवहार दिसला तर आधारच्या १९४७ या मदत क्रमांकावर कळवा. तुमच्या नावावर किती सिमकार्डं आहेत ते दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर पाहा. कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या प्रत्येक क्रेडिट ब्युरोकडून वर्षाला एक अहवाल फुकट मिळतो. न घेतलेलं कर्ज आपल्या नावावर आहे का, ते त्यात कळतं. गावच्या फलकावर किंवा संकेतस्थळावर लाभार्थ्यांच्या यादीत आधार क्रमांक छापलेले आढळले तर ते आधार कायद्याच्या कलम २९ विरुद्ध आहे. २०१७ मध्ये केंद्र आणि राज्यांच्या सुमारे २१० सरकारी संकेतस्थळांवर असे क्रमांक उघडे असल्याचं युआयडीएआयने माहिती अधिकारात मान्य केलं होतं, तेव्हा हे आपल्याकडे होणार नाही असं धरून चालू नका.

बिनसलं तर कुठे जायचं

पैसे गेले असतील तर आधी १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन, मग बँक, मग सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार. तासाभराचा उशीरही महाग पडतो. कागदाचा गैरवापर करून कुणी सिम किंवा कर्ज घेतलं असेल तर पोलिसांकडे लेखी तक्रार द्या आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ क, इंग्रजीत ६६ सी, याचा उल्लेख करा. दुसऱ्याची ओळख वापरल्याबद्दल तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद त्यात आहे.

अर्ज नाकारला किंवा रखडला असेल तर लोकसेवा हक्क कायद्यानुसार कारण लेखी मिळायला हवं. ३० दिवसांत पहिलं अपील त्याच पोर्टलवरून करता येतं, पुढे दुसरं, आणि शेवटी सेवा हक्क आयोगाकडे तिसरं. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो.

आणि आपल्या अर्जाचं आत काय झालं हे पाहायचं असेल, तर नव्या कायद्याच्या हक्कांची वाट पाहायची गरज नाही. राज्याच्या माहिती अधिकार पोर्टलवर १० रुपये भरून तहसील कार्यालयाच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे अर्ज करा. अर्ज क्रमांक द्या आणि तीन गोष्टी मागा: माझ्या अर्जाची आणि जोडलेल्या कागदांची प्रत, त्यावरचे सगळे शेरे तारखांसह, आणि माझी माहिती दुसऱ्या विभागाला दिली असल्यास ती कोणत्या आदेशाने दिली. ही स्वतःचीच माहिती आहे, त्रयस्थाची नाही, हे अर्जात स्पष्ट लिहा. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे.